विनोद लिहिणाऱ्या सत्यभामाची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता पोपडे येऊन गळू लागला आहे. पण माझ्या झाकणावर कागद ठेवून लिहिलेल्या गोष्टींना एके काळी घरोघरची माणसं हसली आहेत.

हुमनाबादच्या बाजारात एका कारागिरानं मला ठोकून घडवलं. १९६८ साली राजेश्वर गावचे शेतकरी ग्यानबा यांनी मला विकत घेतलं. त्यांची मुलगी सत्यभामा गुलबर्ग्याच्या कॉलेजात निघाली होती. भावकीतले लोक म्हणाले, "पोरीला एवढ्या लांब कामून धाडायलास?" ग्यानबा म्हणाले, "पळायला चांगली हाय. बघू कुठवर जाती." तिची आई राजूबाई तोवर सामान भरत होत्या. त्यांनी धपाट्यांचा डबा कपड्यांखाली नीट बसवला आणि मला कुलूप लावलं.

सत्यभामा आठशे मीटर धावायची. जिंकून आणलेली पदकं माझ्यात टाकली की खणखणायची. मला त्या आवाजाचा फार अभिमान वाटे. तिसऱ्या वर्षी एका शर्यतीत वळणावर तिचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी धावणं कायमचं बंद केलं. तिनं सगळी पदकं फडक्यात घट्ट गुंडाळली, तळाशी ठेवली आणि कितीतरी वेळ माझ्या झाकणावर बसून राहिली.

पुढे तिला मुंबईत, दादरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळाली. खोलीत टेबल नव्हतं. पहाटे ती माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि शाळेच्या संमेलनासाठी विनोदी प्रवेश लिही. शर्यतीत दम राखून ठेवावा तसं ती हसूही राखून ठेवायची आणि अगदी शेवटी सोडायची. एका विद्यार्थिनीचे वडील, नरहरराव, टीव्हीच्या मालिका काढत. संमेलन पाहून त्यांनी तिला लिहायला बोलावलं. १९८५ साली तिची मालिका सुरू झाली. तिच्यात काशी नावाची मोलकरीण होती. ती "न्हाई", "व्हय", "कामून" असं बोलायची. तिनं तोंड उघडलं की लोक हसत सुटायचे.

त्याच सुमारास राजूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आल्या. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर सत्यभामानं त्यांना हौसेनं मालिका दाखवली. शेजारच्या मालतीबाईही बघायला आल्या होत्या. काशी बोलली तशा मालतीबाई पोट धरून हसल्या. राजूबाई मात्र पडद्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या बोलेनाशा झाल्या. मालतीबाईंनी काही विचारलं तर मान हलवायच्या. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवायच्या. शेवटी सत्यभामा त्यांच्याजवळ बसली.

"माय, बोलत कामून न्हाईस?"

"बोलले की हसतेत गं," राजूबाई म्हणाल्या. "तूच शिकवलंस न्हवं त्यांना हसायला."

सत्यभामानं माझ्या झाकणावरचे काशीचे कागद उचलले आणि पुन्हा वाचायला घेतले.

त्या आठवड्यात नरहरराव पुढचा भाग न्यायला आले. ती म्हणाली, "काशी अशीच बोलेल. पण हसू तिच्या म्हणण्याला आलं पाहिजे, तिच्या बोलीला नाही. मी तिला पुन्हा लिहिते."

"बाई, एवढा फरक प्रेक्षकांना कळत नाही."

"माझ्या आईला कळला."

नरहररावांनी दुसरा लेखक शोधला. काशी पुढे वर्षभर गाजली. सत्यभामाला मात्र पुढची काही वर्षं कुणी बोलावलं नाही.

राजूबाई गावी परतल्या तेव्हा त्यांचं सामान माझ्यात भरलेलं होतं. अशी मी राजेश्वरला आले आणि कोपऱ्यात पडले. माझ्यावर कांद्याची पोती आली, ओल लागली, तळ गंजला. लिहिणाऱ्या हातांची मला फार आठवण यायची.

१९८९ साली सत्यभामाच्या भावानं, माणिकरावानं, टीव्ही आणला आणि मला पुसून माझ्यावर ठेवला. दिवाळीत सत्यभामा एक कॅसेट घेऊन आली. त्यावर तिची नवी मालिका होती, दुसऱ्या एका निर्मात्यानं काढलेली. मुंबईत खानावळ चालवणाऱ्या आपल्याकडच्या दोन जावा त्यात होत्या. भाड्यानं व्हिडिओ आणला. अंगण बायकांनी भरून गेलं.

पडद्यावर एक गिऱ्हाईक भाजी तिखट असल्याची कुरकुर करत होतं. थोरली जाऊ म्हणाली, "तिखट भाजीत न्हाई, तुमच्या जिभेत हाय."

बायका हसल्या. राजूबाई पदरानं डोळे पुसत मोठ्यानं म्हणाल्या, "आणिक एक भाकर वाढ गं त्याला. तोंड भरलं की गप बसतंय."

मग तर साऱ्या जणी जास्तच हसल्या, आणि राजूबाईही हसल्या. सत्यभामा दारात उभी होती. तिचं पडद्याकडे लक्ष नव्हतं. ती आईचं बोलणं ऐकत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना ओलीत टाकू नका. अधूनमधून पुसा, उन्हात ठेवा. आमचं तेवढ्यावर भागतं. पण तुमच्या घरातलं एखादं माणूस चारचौघांत बोलायचं थांबलं असेल, तर वेळ काढून त्याच्याजवळ जाऊन बसा.