दोन नाकाटो आणि एकच लिंक

कंपालात जुळ्यांची नावं आईबापांना शोधावी लागत नाहीत. मुली असल्या की थोरली बाबिरये, धाकटी नाकाटो. मुलगे असले की वास्वा आणि काटो. हे काटो सेन्योंगाला कुणी सांगायला नको होतं, तो स्वतःच धाकटा जुळा. तरी दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने नको तो शहाणपणा केला. ज्या तयार फ्रेमवर्कवर ते बांधलं होतं, ते आपणहून प्रत्येक पेशंटच्या नोंदीच्या नंबरावरून त्याच्या पानाची लिंक बनवत होतं. आकडे रुक्ष दिसतात म्हणून याने ती नावावरून बनवायला लावली.

आज दुपारी ऑफिसात पेशंटांच्या तक्त्यात त्याला एकाखाली एक दोन नाकाटो नालुबेगा दिसल्या. त्याने खालच्या नावावर क्लिक केलं, तर वरचीचं पान उघडलं. पुन्हा केलं, पुन्हा वरचीच. नाव जुळलं की पहिली सापडेल ती नोंद प्रोग्राम आणून देत होता. वरचीला कसलीच ॲलर्जी नव्हती. खालचीला पेनिसिलीन चालत नव्हतं, आणि तीच आज सिझेरियनसाठी दाखल झाली होती.

दवाखान्याला लावायला त्याने फोन उचलला तशी कंपनीची मालकीणबाई उठून आली. तिला जुळी झाल्यापासून सगळे तिला नालोंगोच म्हणत.

"नेटवर्क गेलंय एवढंच सांग," ती म्हणाली. "चूक आपली म्हणालास तर उद्या ते दुसऱ्याकडे जातील. आधी गुपचूप दुरुस्त कर."

"नालोंगो, चुकीचं पान त्यांच्यासमोर उघडं असणार. तोवर पेनिसिलीनची सुई टोचून होईल."

घंटी वाजत राहिली. शेवटी सिस्टर नान्सुबुगाने उचलला.

"सिस्टर, मी काटो, सॉफ्टवेअरवाला. नाकाटो नालुबेगाला इंजेक्शन दिलंत?"

"भरून हातात धरलंय. बोल पटकन, डॉक्टर खोळंबलेत."

"देऊ नका. तुमच्यासमोरचं पान दुसऱ्याच बाईचं आहे. हिला पेनिसिलीन चालत नाही. चूक माझी आहे."

पलीकडे ट्रेमध्ये काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"तू स्वतः जुळा ना रे?" सिस्टर म्हणाली. "शाळेत तुझ्या वर्गात किती काटो होते?"

लाजेने त्याचे कान तापले.

"आणि सकाळपासून बाकीच्यांना दिलं त्याचं काय? वॉर्डात दोन बाबिरये आहेत, दोन वास्वा आहेत. सगळं तुझ्याच पानांवरून दिलंय मी."

याचा त्याने विचारच केला नव्हता. डेटाबेसकडे त्याने सारख्या नावांच्या सगळ्या नोंदी मागितल्या. यादी खाली सरकायला लागली ती सरकतच राहिली.

नालोंगोने ती पाहिली. खुर्ची ओढून तिने दवाखान्याचा दुसरा नंबर लावला.

"खालची अर्धी नावं मला दे," ती म्हणाली. "चूक आमची, हे मी सांगते त्यांना."

"वाच," फोनवर सिस्टर म्हणाली, "मी एकेका खाटेपाशी जाते."

काटोने पहिलं नाव वाचलं आणि तिच्या धावत्या चपलांचा आवाज ऐकत बसला.