शेंदराखालचं पाणी

या, मित्रांनो, जवळ येऊन बसा. घाबरू नका, माझ्या पोटात आता विस्तव नाही. पूर्वरंग आटोपता घेतो, कारण आख्यान मोठं गोड आहे आणि ते एका साहेबांचं आहे.

मी एक जुना बॉयलर आहे. १९६२ साली पिंपरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात मला बसवलं. मी कोळसा खायचो, पाण्याची वाफ करायचो आणि त्या वाफेवर सारा कारखाना चालायचा. माझ्या तोंडावर दोन काचनळ्या होत्या. पोटात पाणी किती, ते त्यांत दिसे. पाणी आटलं आणि आग तशीच राहिली, तर बॉयलर फुटतो. मग समोरची माणसं वाचत नाहीत.

त्याच वर्षी उद्धवराव आले, नवेकोरे इंजिनिअर. आमच्याकडची रीत अशी, की पुढं कितीही मोठा साहेब होणार असला तरी पहिले काही महिने त्यानं कोळसा टाकायचा. त्यांच्या हाती फावडं दिलं ते कोंडीरामानं. तो मावळातला, बदली कामगार.

"इंजिनेरसाहेब, आईनं लई तूप चारलेलं दिसतंय. फावडं उचलंना व्हय?"

"उचलेन, कोंडीबा. तुम्ही अभंग म्हणा, मी ठेका धरतो."

मग कोंडीराम गायचा आणि कोळसा तालावर पडायचा. देवळातलं कीर्तन मी कधी पाहिलं नाही, पण माझ्या दारात ते रोज रंगलं. काय ते दिवस होते!

वर्षं गेली. उद्धवराव आमच्या विभागाचे उपप्रमुख झाले. प्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. त्या दसऱ्याला नव्या प्लांटचं उद्‌घाटन होतं. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. वेळेवर वाफ मिळाली, की खुर्ची उद्धवरावांचीच, असं सगळे म्हणत.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कोंडीरामानं मला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि मायेच्या भरात तेलात कालवलेला शेंदूर माझ्या तोंडाला फासला, दोन्ही काचांसकट! आग मंद असली तरी माझं अंग तापलेलंच. सकाळपर्यंत शेंदूर काचेवर भाजून घट्ट बसला. खरवडला तरी निघेना.

कारखान्याचे व्यवस्थापक साहेबराव धावत आले. "अहो, आग वाढवा! पाणी काल होतंच ना?"

"काल होतं. आज दिसत नाही."

"मोठे साहेब मांडवात बसलेत, उद्धवराव. आज वाफ नाही, तर खुर्ची नाही. बघा बुवा!"

उद्धवरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्यासमोर फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं.

"आग बाहेर ओढा," ते म्हणाले.

मला निवू दिलं, नव्या काचा बसवल्या. आणि मित्रांनो, पाणी होतं! हवं तेवढं होतं. मला ते ठाऊक होतं, पण मला वाचा कुठली? तोवर मोठे साहेब रागावून निघून गेले होते.

"शेंदूर कुणी फासला?" साहेबराव कडाडले.

कोंडीरामानं डोईवरची टोपी काढून हातात घेतली. बदली कामगाराला फाटकाबाहेर काढायला कितीसा वेळ लागतो?

"पूजा माझ्यासमोर झाली," उद्धवराव म्हणाले. "मी अडवायला हवं होतं. चूक माझी."

खोटं! पूजेच्या वेळी ते मांडवात खुर्च्या लावून घेत होते. माझ्यासमोर फक्त कोंडीराम होता.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. उद्धवराव कितीतरी वर्षं मागं राहिले. कोंडीराम रडत त्यांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कोंडीबा, उद्या दिवसपाळी आहे. वेळेवर या."

कोंडीराम पुढं कायम झाला, सुखानं निवृत्त झाला आणि देवाघरी गेला. उद्धवराव सावकाश चढत चढत मुंबईच्या कचेरीत संचालक झाले. ऐंशी सालानंतर तेलावर चालणारा बॉयलर आला आणि मला या शेडमागं आणून ठेवलं. तेव्हाच कारखान्याच्या अंगणात उद्धवरावांचा सत्कार झाला. वक्त्यांनी त्यांचं शिक्षण सांगितलं, पदं सांगितली, परदेशचे दौरे सांगितले. मधली वर्षं ते मागं का राहिले, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

म्हणून मी सांगितलं. यंत्रावर माया जरूर करा, पण त्याचे डोळे झाकू नका. आणि कुठल्या मोठ्या साहेबांची थोरवी कुणी गाऊ लागलं, तर जी वर्षं त्यात गाळली जातात, त्या वर्षांतले माझे उद्धवराव आठवा. मला विसरलात तरी चालेल.