बसलेली गाडी

सकाळी चेतना शेडमध्ये गेली, तर गाडी पुढच्या डाव्या अंगाला बसलेली. टायरमध्ये हवा भरपूर होती, पण चाकावरचा पत्रा जवळजवळ टायरला टेकला होता. तिने दार उघडून चावी फिरवली. समोर पिवळा दिवा लागला, बॉनेटखालून कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली, बराच वेळ चालली आणि दमल्यासारखी थांबली. गाडी तसूभरही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना, जमनाबाईंना, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये दाखवायला न्यायचं होतं. पावसाळा सरता सरता त्या ओट्यावरून घसरल्या, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं आणि ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्या बाजेवरच होत्या. आता डॉक्टर नवा फोटो काढून सांगणार होत्या, हाड जुळलं की नाही, आणि पायावर भार द्यायचा की नाही. ऑपरेशननंतर घरी आणतानाही याच गाडीने आणलं होतं. सारंगखेड्यापर्यंत त्यांना एक कळ आली नव्हती.

ही गाडी चेतनाचे सासरे भिलानाना पाटील यांनी शहाद्याच्या अभिनंदनकडून घेतलेली. अभिनंदनचे वडील इंदरमल शेठ यांचं बसस्टँडजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि ही मोठी डिझेल गाडी त्यांनी हौसेने पुष्कळ वर्षं वापरली होती. तिला चाकांवर लोखंडी स्प्रिंग नव्हत्या. प्रत्येक चाकावर हवेने भरलेला जाड रबरी फुगा होता आणि त्या चार फुग्यांवर सगळी गाडी तोललेली असायची. बटण दाबलं की गाडी हळूच खाली यायची, पुन्हा दाबलं की उठायची. गावात लोक हसले होते, नानांनी उंट घेतला म्हणून. पण जमनाबाईंना पाय न उचलता सरकून आत बसता यायचं ते या गाडीतच.

नाना केळीला पाणी सोडून आले आणि गाडीसमोर उभे राहिले.

"काय व्हयनं वं? पंक्चर शे का?"

"नही नाना, टायर बराबर शे. वरतली हवा गयी."

नानांचा मुलगा, चेतनाचा नवरा नवनीत, साखर कारखान्यात होता. हंगाम चालू असल्यामुळे त्याला सुट्टी नव्हती, आणि गाडी चालवणारी चेतनाच होती. दुसऱ्या एखाद्या जीपमध्ये जमनाबाईंना विसरवाडीपर्यंतच्या खडबडीत रस्त्याने न्यायला दोघांचंही मन धजेना.

बाजेवरून जमनाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "ऱ्हाऊ द्या मंग," त्या म्हणाल्या, "पुढला आठवडामा जाऊत."

त्या इतक्या पटकन बोलल्या की चेतनाला ते जरा खटकलं. पण तेव्हा तिला गाडीचीच काळजी होती.

उदेसिंग गिरासे या भागातला जुना मेकॅनिक. त्याचं गॅरेज शहादा रस्त्यावर. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा चालू होती आणि त्याच्या दारात गाड्यांची रांग होती. तरी नानांचा फोन म्हटल्यावर तो मोटरसायकलने आला. त्याने चाकाच्या कमानीत हात घालून फुगा चाचपला.

"फुगा फाटेल शे ताई. आठे भेटाव नही, मुंबईथिन मांगाडना पडी. नही तं मी चारी बाजूले स्प्रिंग टाकी देस. कायमनी कटकट मिटी."

स्प्रिंग टाकायलाही दोन-तीन दिवस गेले असते. चेतनाने अभिनंदनला फोन लावला.

"वहिनी, पहिली गोष्ट," तो म्हणाला, "गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. हवेवर उभी असलेली गाडी कधी खाली येईल सांगता येत नाही. जॅक लावा, ठोकळे द्या, मगच हात घाला. आणि फुगा फाटला असं लगेच धरून चालू नका. साबणाचं पाणी मारून बघा. हवा जिथून जात असेल तिथे फेस येईल."

उदेसिंगला ते पटलं. त्याने पंक्चर काढताना हेच आयुष्यभर केलं होतं, फक्त या गाडीवर करायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. नानांनी शेडमागून सागाचे ठोकळे आणले. गाडी जॅकवर घेऊन ठोकळ्यांवर टेकवली. चेतनाने बादलीत कपड्यांच्या साबणाचा दाट फेस केला आणि उदेसिंगने ब्रशने तो फुग्यावर सगळीकडून लावला. चेतनाने गाडी सुरू केली. कॉम्प्रेसर घरघरला. फुग्यावर एकही बुडबुडा आला नाही.

"फुगा चांगला शे," उदेसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं, आणि बरंही वाटल्यासारखं होतं. "मंग नळीमा काही व्हई."

त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या आवाजाखाली कुठूनतरी बारीक फुसफूस येत होती. आवाज नक्की कुठला ते इंजिन चालू असताना कळेना. म्हणून त्याने हाताने खूण केली आणि चेतनाने चावी बंद केली. इंजिन थांबलं. फुसफूस मात्र हळू हळू चालूच राहिली. उदेसिंगने कान लावला आणि डाव्या कोपऱ्यात, बॅटरीच्या मागे, काळ्या बारीक नळीवर फेस लावला. तिथे बुडबुड्यांचा पुंजकाच उभा राहिला.

नळी कुरतडलेली होती. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. उदेसिंगने टॉर्च आत मारला तसं बॅटरीच्या खाली वाळलेलं गवत, केळीच्या खोडाच्या सालीच्या चिंध्या आणि कापूस यांचं नीट रचलेलं घरटं दिसलं.

"उंदिरसनी खाई टाकं," नाना म्हणाले.

सगळ्यांनाच हायसं वाटलं. फुगा शाबूत होता, मुंबईहून काही मागवायचं नव्हतं. कुरतडलेला तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची, एवढंच काम. तसला जोड दुकानात आहे, घेऊन येतो, असं अभिनंदनने फोनवर सांगितलं. उदेसिंगने हात पुसायला घेतले.

चेतना मात्र बॉनेटपाशीच उभी होती.

"भाऊ, आवाज दोन व्हतात," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"इंजिन चालू व्हतं तवय जास्त आवाज येत व्हता. बंद करं नि एकदम कमी व्हयना. एकच नळीमातीन हवा जात व्हती, तं एकदम कमी कशाले व्हयना?"

उदेसिंगने तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. "आते इंजिनना बी आवाज ऱ्हास ना ताई," तो म्हणाला. पण त्याने ते उडवून लावलं नाही. "चालू करा एक डाव."

तिने पुन्हा गाडी सुरू केली. या वेळी त्याने बारीक नळीवर अंगठा घट्ट दाबून धरला. ती फुसफूस थांबली, आणि तिच्याखालची दुसरी नीट ऐकू आली. ती पलीकडून, ड्रायव्हरच्या बाजूने येत होती. नानांनी ब्रश घेतला आणि तिकडच्या जाड रबरी नळीवर फेस लावला. बुडबुडे आलेच नाहीत. उलट लावलेला फेस एका जागी आत ओढला गेला आणि नाहीसा झाला.

"पी गयी," नाना म्हणाले.

उदेसिंगचा चेहरा बदलला. "हाई व्हॅक्यूमनी नळी," तो म्हणाला. "हवा बाहेर नही टाकस, मझार ओढस. हाई ब्रेकले जास."

डिझेल इंजिनावर एक पंप असतो, तो या नळीतून हवा ओढून घेतो, आणि त्या ओढीच्या जोरावर एवढ्या जड गाडीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो. ही नळी खालच्या बाजूने कुरतडली होती. वरून पाहिली तर अगदी धड दिसायची. उदेसिंगने दोन बोटांनी वाकवली तेव्हा तिने खाली तोंड उघडलं. एका कडेचं पातळ रबर तेवढं तिला धरून होतं.

त्याने चेतनाला इंजिन बंद करायला लावलं. "आते ब्रेक दाबा. दाबतच ऱ्हा, घट्ट व्हवापर्यंत. व्हयना? आते पाय तठेच ठेवा नि गाडी चालू करा. पाय थोडा खाले जावाले पाहिजे."

तिने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. पायाखालचा ब्रेक दगडासारखा होता तसाच राहिला.

आठवड्यापूर्वी शहाद्याला जाऊन येताना ब्रेक जड लागला होता. नवी चप्पल घातली म्हणून असेल, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता तिच्या डोळ्यांसमोर खांडबाऱ्याच्या पुढचे चढउतार आले, विसरवाडीला सुरतेच्या हायवेवरची ट्रकची रांग आली, आणि मागच्या सीटवर उशा लावून आडव्या झालेल्या जमनाबाई. तिने इंजिन बंद केलं, पण लगेच खाली उतरली नाही. स्टिअरिंगवरचे हात तिला जरा वेळ तिथेच ठेवावेसे वाटले.

नाना खिडकीपाशी आले. "बेटा, गाडी बसनी ते बरं व्हयनं," ते म्हणाले. ते विहिरीकडे गेले आणि तोंडावर पाणी मारून आले.

दुपारी अभिनंदन आला. बारीक नळीसाठी जोड आणि नवा तुकडा त्याने आणला होता. तो जागच्या जागी बसला. जाड नळीला मात्र वेळ लागला. उदेसिंगने आपल्या मोटरसायकलच्या डिकीतली डिझेलची नळी आधी लावून बघितली. इंजिन सुरू होताच ती आतल्या ओढीने चपटी झाली.

"ही नाही चालायची," अभिनंदन म्हणाला, "आत दोऱ्याची वीण असलेली लागते."

"दिसनं मले," उदेसिंग हसून म्हणाला आणि ती काढून टाकली. अभिनंदनने दुकानात फोन केला. तिथला माणूस एसटीच्या कंडक्टरकडे नळी देऊन मोकळा झाला. यात्रेच्या गर्दीतून बस फाट्यावर यायला उशीर झाला, आणि तोवर नाना, उदेसिंग आणि अभिनंदन यांनी मिळून उंदराचं घरटं उपसलं, कुठली वायर कुरतडली आहे का ते एकेक करून पाहिलं. बाकी सगळं धड होतं.

त्या मोकळ्या वेळात चेतना घरात आली. जमनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"गाडी व्हई जाई माय," चेतना म्हणाली. "उद्या जाऊत."

"पुढला आठवडामा गऊत तं काय व्हई?"

चेतना बाजेच्या कडेला बसली. आता तिला सकाळचं ते पटकन बोलणं कळलं. "तुमले भेव वाटस का?"

जमनाबाईंनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतीन, हाडूक जुडनं नही. मंग काय? आठे पडेल ऱ्हास तवपावत मले वाटस, जुडी ऱ्हायनं."

चेतनाने त्यांचे केस मागे सारले. गाडीच्या ब्रेकचं त्यांना सांगायचं नाही असं नानांनी बजावलं होतं, पण तिने सांगितलं. नळी वरून धड कशी दिसत होती आणि खालून कशी फाटली होती, ते सगळं. "आम्ही फेस लावी पाह्यनूत म्हणीसन समजनं," ती म्हणाली. "नही पाह्यनूत तरी ती फाटेलच व्हती ना माय. पाह्यनूत म्हणीसन जोडता उनी."

जमनाबाई ऐकत राहिल्या. "नाना घाबरनात का?" त्यांनी विचारलं.

"भलतेच."

"मले काही सांगं नही त्यासनी," त्या म्हणाल्या आणि किंचित हसल्या. थोड्या वेळाने त्यांनी उद्यासाठी कोणतं लुगडं काढून ठेवायचं ते सांगितलं.

ऊन उतरायच्या आत नवी नळी बसली. उदेसिंगने दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. चेतनाने ब्रेक दाबून घट्ट केला, पाय तसाच ठेवला आणि इंजिन सुरू केलं. पायाखाली ब्रेक अलगद खाली गेला. फुसफूस कुठेच नव्हती. कॉम्प्रेसर थोडा वेळ घरघरला, आणि डावा कोपरा वर यायला लागला. चाकावरचा पत्रा टायरपासून सुटला, गाडी सरळ झाली, पिवळा दिवा विझला. मग चेतनाने ती रस्त्यावर नेली आणि पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पाहिला. शेजारी उदेसिंग बसला होता. परत येताना तो म्हणाला, "ताई, आते स्प्रिंगनं नाव काढत नही मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातच ते निघाले. तापीवरचा पूल ओलांडला, नंदुरबार मागे पडलं. खांडबाऱ्याच्या पुढच्या पहिल्या उतारावर चेतनाने मुद्दाम वेग आधीच कमी केला. ब्रेक हलक्या पायाने लागला. मागून नानांनी रोखलेला श्वास सोडलेला तिला ऐकू आला.

डॉक्टरांनी फोटो काचेवर लावला आणि बराच वेळ बघितला. जमनाबाईंनी चेतनाचं मनगट धरून ठेवलं होतं.

"छान जुळलंय," डॉक्टर म्हणाल्या. "आजपासून वॉकर घेऊन पाय टेकवायचा. थोडा थोडा भार द्यायचा. आत्ता इथेच उभं राहून दाखवा मला."

दोन बाजूंनी आधार देऊन त्यांना उभं केलं. जमनाबाईंनी पाऊल फरशीवर ठेवलं, वाट पाहिली, आणि मग हळूच वजन टाकलं. "गार शे फरशी," त्या म्हणाल्या. नाना खिडकीबाहेर बघायला लागले.

परत येताना नंदुरबारजवळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरच्या वाळत घातल्या होत्या, लालभडक, दूरवर पसरलेल्या. काचा बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. आधी नाना शिंकले, मग चेतना, आणि मग जमनाबाईंना एक जोराची शिंक आली. इतक्या दिवसांच्या सवयीने त्यांनी दोन्ही हातांनी खुबा गच्च धरला आणि कळ यायची वाट पाहिली. कळ आली नाही.

त्यांनी हात सोडले. पुन्हा एक शिंक आली, आणि ती त्यांनी मोकळेपणी येऊ दिली.

"काचा लावू का माय?" चेतनाने विचारलं.

"ऱ्हाऊ दे उघड्या," जमनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बरं वाटी ऱ्हायनं."