प्रार्थनेत नाव

बुधवारच्या प्रार्थनेला ब्रश क्रीक गावच्या चर्चमध्ये आधी आजाऱ्यांची नावं घेतात. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नवऱ्याच्या फुफ्फुसात बसलेली खाणीतली धूळ. नाव निघालं की सगळे डोळे मिटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी जेवणाचं झाकलेलं भांडं पोचतं.

त्या बुधवारी ट्रेसा कॉम्ब्स उभी राहिली. "आपल्या लोरीनबाईंसाठी प्रार्थना करू या. त्यांच्या बुद्धीला भूल पडलीय."

लोरीनबाई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. तब्येत ठणठणीत. आठवडाभर त्या सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि रविवारी इथे, चर्चच्या तळघरातल्या खोलीत, चार-पाच वर्षांच्या पोरांना बायबलच्या गोष्टी सांगत. आत्ता खाली झुकलेल्या मानांतल्या निम्म्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या.

शाळा समितीनं नुकताच ठराव केला होता: उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी शिक्षकानं वर्गाला एक कागद वाचून दाखवायचा. हा धडा म्हणजे नुसता अंदाज आहे, सृष्टी कर्त्यानं घडवली हेही तितकंच शास्त्र आहे, असा त्याचा मजकूर. धडा सोमवारी होता. लोरीनबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं.

डेल्मर नेपियर समितीचा अध्यक्ष, आणि चर्चचा कारभारीही तोच. त्यानं हात वर केले. "प्रभू, आमच्या बाईंना माकडांच्या तावडीतून सोडव."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आमेन," लोरीनबाई मोठ्यानं म्हणाल्या. "आणि प्रभू, डेल्मरला धडा वाचायची बुद्धी दे. माझ्या वर्गात होता तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यानं पुस्तक उघडलं नव्हतं."

यावर कुणी आमेन म्हटलं नाही.

बाहेर, गाड्या उभ्या होत्या तिथे, डेल्मरनं त्यांना गाठलं. "बाई, मिनिटभराचं काम. कागद वाचा, बाजूला ठेवा. मग चालू द्या तुमचं माकडपुराण."

"त्यात लिहिलंय ते खरं नाही. मी पोरांपुढे खोटं वाचत नाही."

"म्हणजे बायबल खोटं?"

"बायबल मी रविवारी शिकवते. तुलाही शिकवलं. तेव्हा तुझी चड्डी ओली व्हायची, ती कोण बदलायचं?"

डेल्मरचे कान लाल झाले. "मग ऐका. सोमवारी वाचलं नाहीत, तर लहान मुलांचा वर्ग ट्रेसाकडे. आमचं ठरलंय."

"ट्रेसाला पोरं सोसत नाहीत."

"सोसतील. निदान ती देवाला मानते."

हे मात्र वर्मी लागलं. शाळेतून त्यांना काढायचं तर कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या. रविवारचा वर्ग कारभाऱ्यानं नुसती मान हलवली की जाणार होता. आणि आठवडाभर त्या जगत होत्या त्या त्याच एका तासावर.

सोमवारी कागद आधीच कुणीतरी त्यांच्या टेबलावर आणून ठेवला होता. लोरीनबाईंनी तो उचलला. मिनिटभराचं काम. पहिला शब्द ओठांवर आलासुद्धा होता. मग समोरच्या पोरांचे चेहरे दिसले: वही उघडून, पेन धरून, बाई सांगतील ते उतरवून घ्यायला बसलेले. त्यांनी कागद घडी घालून केराच्या डब्यात टाकला.

"पुस्तकं उघडा."

"नरकात जाल, बाई!" मागून आवाज आला.

"जाईन. तोवर तू पुस्तक उघड."

रविवारी त्या मोठ्या माणसांत बसल्या. या वेळेला इतक्या वर्षांत त्या इथे कधी बसल्या नव्हत्या. हातांचं काय करावं ते कळेना. शेजारच्या बाईनं पर्स उचलून दोघींच्या मध्ये ठेवली.

खालून रडणं ऐकू आलं. ती त्यांच्या वर्गातली ईडा. तिला आधी बोट धरायला द्यावं लागतं, मगच नावानं हाक मारायची. उलट केलं की ती भेदरते. पाठोपाठ दुसरं पोर सुरू झालं. काहीतरी आपटलं. ट्रेसा ओरडली.

डेल्मर वाकून बाकाशी आला. "बाई, जरा खाली येता का? पाचच मिनिटं. ट्रेसाला आवरत नाहीयेत."

लोरीनबाई अर्ध्या उठल्या होत्या. "म्हणजे वर्ग परत माझा?"

"ते नंतर बघू. तो कागद आधी..."

त्या खाली बसल्या. बाकाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पोरं रडतायत, बाई! तुम्हाला काळीज आहे का नाही?"

"आता गाणं आहे ना? मोठ्यानं गा, डेल्मर. म्हणजे खालचं ऐकू येणार नाही."

तो दातओठ खात आपल्या जागी गेला. पियानो सुरू झाला. सगळे उभे राहिले आणि छप्पर हादरेल असे गायले. ईडा त्याहून मोठ्यानं रडत होती.