लुईझाच्या पायाखालची फरशी

"बायको हाय माजी, पापलेट नाय! थर्माकोलवर कशाला ठेवू तिला?"

सेबेस्टियनच्या ह्या बोलण्यावर मिस्त्री हसला, पण हातातली थापी काही त्याने खाली ठेवली नाही. खोलीतला जुना संगमरवर उखडून झाला होता. भिंतीला टेकवून थर्माकोलचे जाड तक्ते उभे होते आणि शेजारी कॅनडाहून आणलेली तारांची जाळी गुंडाळून ठेवली होती.

"नेल्सन सांगून गेलाय अंकल," मिस्त्री म्हणाला. "खाली थर्माकोल, त्यावर तारा, मग सिमेंटचा माल आणि वर फरशी. असंच पाहिजे म्हणाला."

"नेल्सन काल इमानात बसला. घरात मी हाय."

नेल्सन सेबेस्टियन आणि लुईझाचा एकुलता एक मुलगा. टोरोंटोला तो हेच काम करायचा. लोकांच्या घरांत फरशीखाली तारा नाहीतर गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या, बटण दाबलं की जमीन उबदार. पाचूबंदरच्या ह्या घरातली सारवलेली जमीन काढून पांढराशुभ्र संगमरवर घातला होता तोही त्यानेच, मोठ्या हौसेने. अख्ख्या आळीने येऊन बघितला. मग लुईझाला अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून तिचे पाय जे गार पडले ते पडलेच. मोजे घाला, तेल चोळा, काही म्हणता काही उपयोग नाही. त्यात बाई हट्टी! संध्याकाळची तेर्सची प्रार्थना खुर्चीत बसून म्हणायला तयार नाही. मारियामातेपुढे जपमाळ घेऊन बसायचं ते जमिनीवरच, तिची आई बसायची तसं. जरा वेळात दगडाचा गारवा कमरेपर्यंत चढायचा, ओठ निळे पडायचे, आणि शेवटचं 'आमेन' व्हायच्या आधीच सेबेस्टियन तिला काखेत हात घालून उठवायचा. तिला ते अजिबात खपायचं नाही. माळ अर्धी राहिली म्हणून ती रात्रभर कुढत बसायची.

"थर्माकोल हवाच पप्पा," नेल्सनने निघताना बजावलं होतं. "नाहीतर सगळी हीट खाली जाईल. आपण मम्मीला सोडून खाडीला गरम करत बसू."

सेबेस्टियनने तेव्हा नुसती मान डोलावली. पण त्याला ते पटलं नव्हतं, आणि का पटावं? उभा जन्म त्याने बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढलेला. बर्फाच्या लाद्या भाताच्या कोंड्यात पुरायच्या, मासळी थर्माकोलच्या खोक्यात भरायची. कोंडा काय नि थर्माकोल काय, त्याच्या लेखी दोन्ही गारव्याचीच पिल्लं. त्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची, एवढा पुरावा त्याला पुरेसा होता. कामावरून येऊन तसल्या हातांनी लुईझाला शिवायला गेला की ती किंचाळायची, "जा रं, आधी चुलीकडं जा!" आता तोच गारवा आपल्या हाताने तिच्या बैठकीखाली पुरायचा? छट्!

तक्ते त्याने शेजारच्या मासळीवाल्याला देऊन टाकले. मिस्त्रीला काय, त्याने मुकाट्याने मातीवर प्लास्टिक अंथरलं आणि वर तारा टाकल्या.

नाताळच्या तोंडावर बटण दाबलं. शेजारची क्लारा, तिची सासू, सगळ्याजणी फरशीला तळवे लावून बसल्या. फरशी कोमट झाली. कोमट म्हणजे उन्हातून आत आणलेल्या ताटाइतकी, त्यापुढे काही जाईना. मीटरचं चाक मात्र पिसाळल्यागत गरगर फिरत होतं. दुपारी लोडशेडिंग झालं की होती नव्हती ती ऊबही जायची.

"लागते का गं ऊब?" सेबेस्टियन विचारायचा.

"लागते ना!" लुईझा म्हणायची. पाय हातात घ्यावा तर विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार.

फोनवर नेल्सन विचारायचा, "थर्माकोल टाकलाय ना नीट?"

"टाकला, टाकला."

"मग गरम का होत नाही? तिथे अशी काय थंडी आहे?"

"तुजी तारच कच्ची असंल," असं म्हणून सेबेस्टियन मोकळा व्हायचा. पोरगा बिचारा तिकडे तारा विकणाऱ्या दुकानदाराशी भांडत राहिला.

जानेवारीत रॉबर्टच्या बहिणीचं लग्न होतं. रॉबर्ट म्हणजे सेबेस्टियनच्या जागी कारखान्यात लागलेला गडी. जेवणाच्या वेळी त्याने मासळीचं एक नवंकोरं थर्माकोलचं खोकं पंगतीत आणून उघडलं, तर आतून भाताची ही वाफ!

"हे रं काय? ह्यात भात?" सेबेस्टियनने विचारलं.

"सकाळी शिजवलाय अंकल. हात लावून बघा, भाजंल."

"पन थर्माकोल तर गार ठेवतो."

रॉबर्ट खदाखदा हसला. "त्याला काय कळतंय गरम नि गार! आत घालाल ते धरून ठेवतो, झालं."

जेवणाचं ताट तसंच ठेवून सेबेस्टियन उठला आणि तडक घरी आला. लुईझा जमिनीवर बसून माळ ओढत होती. तो तिच्यासमोर मटकन बसला.

"चुकलो गं मी. पोराचं आयकलं नाय. तुजे पाय मीच गार ठेवले." एवढा थोराड माणूस, पण लहान पोरासारखा रडायला लागला.

"मना ठाव हाय," लुईझा म्हणाली. "मिस्त्रीनं त्याच दिवशी सांगितलेलं."

"मग बोलली का नाय?"

"तू येवढा खूश व्हतास. आनि नेल्सनला कळलं असतं तर तो तुला बोलला असता. ते मना नको व्हतं."

"उद्याच फोडतो फरशी."

"नको रं. आता धूळ सोसत नाय मना. उपवासकाळ जाऊ दे, ईस्टर झाला का फोड."

सेबेस्टियनने तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं.

उपवासकाळातच एका सकाळी तो चहा घेऊन आत गेला, तेव्हा लुईझा गेलेली होती.

नेल्सनला पोचायला दोन दिवस लागणार होते. बंदरावर रीत होती, परदेशातलं लेकरू येईपर्यंत मयत घरीच बर्फावर ठेवायचं. गावातल्या कितीतरी मयतांना सेबेस्टियननेच बर्फ लावून दिला होता. रॉबर्ट कारखान्यातून लाद्या घेऊन आला, उंबरठा ओलांडून अनवाणी आत शिरला आणि थबकला.

"अंकल, फरशी कोमट हाय. बर्फ टिकायचा नाय." मग जरा अडखळून म्हणाला, "बटन बंद करावं लागंल."

खोलीतल्या बाया तेर्स म्हणता म्हणता थांबल्या. क्लारा उठायला लागली, तिला सेबेस्टियनने हातानेच बसवलं आणि स्वतः भिंतीपाशी गेला. बटणावर बोट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. शेवटी त्याने बटण दाबलं.

पुढचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. हात सवयीचे होते. डोक्याकडून सुरुवात केली, मग दोन्ही कुशींना लाद्या, फटींत कोंडा, सगळं चोख. रॉबर्ट उरलेली लादी घेऊन पायांशी आला.

"तितं नको."

"पन अंकल..."

"तितं नको सांगितलं ना!"

रॉबर्टने लादी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. सेबेस्टियन खाली बसला, लुईझाचे दोन्ही पाय त्याने मांडीवर घेतले आणि त्यांवर आपले तळवे दाबून धरले. बायांनी पुन्हा तेर्स सुरू केली. त्याच्याखालची फरशी हळूहळू गार होत गेली.