नवलबापूंची पकड

प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यात नवलबापूंची पकड प्रसिद्ध होती. हात मिळवला की ते लवकर सोडत नसत. समोरचा कळवळला की हसून म्हणत, "पाटीलना हात शे, असा सुटाव नही!"

त्यांची नात फाल्गुनी आठवीत गेली आणि चालताना अडखळू लागली. पेन धरलं की बोटं आखडून राहायची. बापूंची बायको जमनाबाई सुनेला, चेतनाला, येताजाता ऐकवायच्या, "आमना घरमा असं कोणलेच नही. तुन्हा माहेरथीन उनं हाई." दुखणं माहेरहून आणल्याचा हा बोल ऐकत चेतना लेकीची बोटं चोळत राहायची.

हेमकांत फाल्गुनीला सुरतेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला, तेव्हा बापूही सोबत गेले. बाईंनी फाल्गुनीला मूठ आवळून झटकन उघडायला सांगितलं. बोटं सावकाश, एकेक करून सुटली. मग तिच्या वडिलांना, हेमकांतला सांगितलं. त्याचंही तेच झालं.

"घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही," हेमकांत म्हणाला.

बापूंनी टेबलावर हात ठेवला, मूठ आवळली. उघडायला गेले, उघडेना. "तरुणपणापासून आहे," ते म्हणाले. "मी हसण्यावारी नेत आलो."

तीन आठवड्यांनी तिघांच्या रक्ताचा अहवाल आला. बाईंनी समजावलं, एका जनुकातला छोटासा तुकडा पुन्हापुन्हा लिहिला गेलाय. पुढच्या पिढीत तो बहुधा लांबत जातो, म्हणून आजोबांना थोडं आणि नातीला जास्त. पूर्ण बरं करणारं औषध नाही, पण याचा हृदयालाही धोका असतो, म्हणून ते दरवर्षी तपासायचं.

"यात दोष कुणाचाच नाही," त्या म्हणाल्या.

"दोष नसेल. पण बोल लागला, तो भलत्याच माणसाला," बापू म्हणाले.

परतताना बापूंनी विसरवाडीला, चेतनाच्या माहेरी, गाडी थांबवायला लावली. "विहीणबाई, हाई दुखणं आमना घरनं शे. मन्हं शे."

विहीणबाईंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "माले नका सांगू. जमनाबाईसले सांगा, मन्ही पोरना समोर."

घरी पोचताच बापूंनी चेतनासमोरच जमनाबाईंना सांगितलं. "खोटं," जमनाबाई म्हणाल्या. चेतना रडली नाही, आत गेली आणि दार लावून घेतलं.

बापूंनी धुळ्याला मुलीला फोन लावला. "प्रतिभा, तुलाही रक्त तपासून घ्यावं लागेल." आणि सगळं सांगितलं.

पलीकडून प्रतिभा म्हणाली, "बापू, थंडीत मन्ही बी बोटं आखडतस. माले वाटे, धुणं धुई धुई व्हस."

"ये मग," बापू म्हणाले. "आपण सोबतच जाऊ."