बिनआडोशाची टाकी

"ताई, पहिले आठ दिवस त्यांच्याकडं सारखं बघायचं नाही हं," माशांच्या दुकानातल्या भरतेशनं मला बजावलं होतं. मी हसले. बघायचं नाही तर टाकी हॉलमध्ये ठेवायची कशाला? काच पुसता पुसता तो अजून काहीतरी सांगत होता, पण तेवढ्यात राजी कडेवर रडायला लागली आणि पुढचं मी ऐकलंच नाही.

ही मे महिन्यातली गोष्ट. साताऱ्याची भाड्याची खोली सोडून आम्ही सांगलीत विश्रामबागेला आलो. आम्ही म्हणजे मी आणि दहा महिन्यांची राजनंदिनी. माझे यजमान, धैर्यशील, फौजेत आहेत, त्यांची पोस्टिंग आसामात. सामानाबरोबर सहा मासेही आले, टायगर बार्ब, नारिंगी अंगावर चार काळे पट्टे. जुनी टाकी टेम्पोत तडकली, म्हणून भरतेशकडून नवी घेतली. तळाला पांढरीशुभ्र वाळू घातली, वरचा लाइट दिवसभर चालू ठेवला आणि टाकी बरोबर सोफ्यासमोर मांडली. राजी बघेल, मीही बघेन.

तिसऱ्या दिवशी पट्टे पुसट झाले. आठवड्यात मासे उकळलेल्या बटाट्याच्या रंगाचे दिसायला लागले.

झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेय मी. कातडीत रंगपेशी असतात, मासा घाबरला की त्यातला रंग मधोमध गोळा होतो, तळ पांढरा असला की अंग आपोआप फिकं पडतं, पाणी बदललं तरी तसंच. हे सगळं परीक्षेत लिहून आलेय. पण घरी मात्र मी काय केलं, तर पाणी तपासलं, औषध घातलं आणि दर अर्ध्या तासाला काचेला नाक लावून बघत बसले.

जूनमध्ये माझी शाळेतली नोकरी सुरू होणार होती, म्हणून कडेगावजवळच्या आमच्या गावाहून सासूबाई आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांचा आवाज असा, की बांधावरून हाक मारली की पलीकडच्या उसातला माणूस ओ देतो. आल्या त्या दिवशी हॉलमध्ये पाय पसरून बसल्या, राजीला नडगीवर पालथी घातली आणि तेल चोळता चोळता म्हणाल्या, "तुझ्या आयनं तुला काचंतच ठेवलीया गं, त्या माशागत."

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी टीव्हीच्या वर कॅमेरा बसवला. माझ्या फोनवर हॉल दिसायचा. "आत्या, तुमच्यावर नाही हं, राजीवर लक्ष ठेवायला."

"ठेव की. आमाला काय चोरी करायची हाय?"

धैर्यशीलांच्या फोनवरही जोडून दिला. आणि गावाकडं आप्पासोंच्या. आप्पासो माझे चुलतसासरे, म्हणजे आत्यांचे थोरले दीर. सगळं घर एका चुलीवरच जेवतं. त्यांनीच लाजत लाजत विचारलं होतं, "नात रांगताना बघाया मिळंल का गं, सोनम?" नाही कसं म्हणणार? मला तर वाटलं, किती छान काम केलं आपण.

मधल्या सुट्टीत मी फोन उघडायची. राजी झोपलीय. राजी रांगतेय. राजीनं चमचा तोंडात घातलाय. बास, जीव भांड्यात पडायचा.

पंधरा दिवसांत आत्यांचा आवाज बसला. घसा नाही, आवाज. हळू बोलायच्या, हसायच्या नाहीत. एवढ्या उकाड्यात डोईवरचा पदर हलू द्यायच्या नाहीत. सोफा सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. संध्याकाळी बघावं तर दुरडीत सकाळच्या भाकरी तशाच. हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरायला लागल्या. विचारलं तर, "मला काय धाड भरलीया?"

एका सकाळी राजी त्यांच्या कडेवर असतानाच त्यांना चक्कर आली. चौकट धरली म्हणून वाचल्या. मी धावले आणि आधी राजीला उचललं. मग आत्यांना धरलं. तो क्रम त्यांनी पाहिला. मला तो अजून टोचतो.

डॉक्टर म्हणाले, बीपी कमी आहे, पोटात अन्न नाही, पाणी तर नाहीच. "गावाची आठवण येत असेल." धैर्यशील फोनवर म्हणाले, "आईला गावी सोड. तुझी नोकरी पुढं बघू." मला नोकरी सुटायचं वाईट वाटलं हे खरं. पण भीती वेगळीच होती. चांगलं धडधाकट माणूस माझ्या घरात येऊन महिन्याभरात वाळत चाललं होतं आणि का, ते मला कळत नव्हतं.

त्या रविवारी भरतेश टाकीचा फिल्टर बघायला आला. माशांकडं बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"ताई, चारी बाजूनं काच, खाली पांढरी वाळू, वर लाइट. बिचाऱ्यांनी जायचं कुठं? तेव्हा सांगत होतो ना, आडोसा करा म्हणून!"

त्यानं मागच्या काचेला काळा कागद लावला, वाळू काढून काळी खडी घातली, फुटक्या कुंडीचा तुकडा आडवा ठेवला, लाइट बंद केला. मासे सुळकन कुंडीमागं गेले. टाकी रिकामी दिसायला लागली.

"आता दिसणार नाहीत. दिसत नाहीत म्हणून काठी घालून हुसकू नका. तिथंच रंग धरतील."

दारात बसलेल्या आत्या पुटपुटल्या, "बरं झालं बया. सुटली बिचारी." एवढंच. पण 'सुटली' म्हणताना त्यांचे डोळे टीव्हीच्या वर गेले आणि हात पदराकडं.

दुपारी राजी झोपल्यावर मी फोनवर आठवड्याचं सगळं रेकॉर्डिंग काढलं. आजवर मी त्यात राजीच बघत आले होते. या वेळी आत्यांना बघितलं. साडेअकराला ताट घेऊन हॉलमध्ये येतात, वर बघतात, ताट घेऊन परत आत. राजी झोपल्यावर तिच्याशेजारी आडव्या होतात आणि चटका बसल्यासारख्या उठून बसतात. गुडघ्यावरचं लुगडं खाली ओढतात. तांब्या तोंडाला लावतात तोही भिंतीकडं तोंड करून, दोन घोट.

मी फोन घेऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. "आत्या, तुम्ही कुणाला लाजता?"

त्या राजीच्या दुपट्याची दशी पिळायला लागल्या. मग म्हणाल्या, "थोरलं बघत्यात की."

"आप्पासो?"

"चौतीस वर्सं झाली माझ्या लग्नाला. त्यांच्या म्होरं कवा बसली न्हाई, घास खाल्ला न्हाई. ते घराच्या म्होरल्या सोप्यात आलं की मी आत. आन हितं दिसभर हॉलमदी हायतच ते. मी कुठं जाऊ?"

"मग स्वयंपाकघरात बसून खायचं की."

"खाली बसली की राजी दिसत न्हाई. उभ्यानं खाती दोन घास."

"आणि पाणी?"

"पाणी पिलं की मोरीकडं जावं लागतंय. हॉलमदनंच वाट. किती येळा जायचं त्यांच्या म्होरनं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यो काढला असतास. मग शाळंत तुझं ध्यान लागलं असतं का? ल्येकराची काळजी करून करून तूच निम्मी झालीयास." माझ्या गालावरून त्यांनी तेलकट हात फिरवला. "तुझ्याकडं कोण बघतंय गं?"

मी आप्पासोंना फोन लावला. देवमाणसाला काय सांगायचं, तुमचं बघणं बंद करा? कसंबसं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या घशातून खाकरल्यासारखं हसू आलं.

"आगं पोरी, मी बी त्यो फोन उघडायच्या आदी सदरा घालतुया, टोपी घालतुया. धाकटी भावजय हॉलमदी असती, तिच्या म्होरं उघडाबंब कसा बसू? उकाड्यानं जीव चाललाय माझा! काढ बाई ते. ऐतवारी फोन करून दाव नात."

हे आत्यांना सांगितलं तर त्या तोंडावर पदर धरून अशा हसल्या, की राजी जागी झाली. "टोपी घालून? माज्यासाठी? आवं बया!"

मी स्टुलावर चढून कॅमेरा काढला. त्या रात्री आत्या पंख्याखाली पाय पसरून जेवल्या, दोन भाकरी.

सोपं नव्हतं. सोमवारी मधल्या सुट्टीत माझा हात चार वेळा फोनकडं गेला. बुधवारी राहवेना, शेवटचा तास मोकळा होता म्हणून लवकर घरी आले. जिन्यातच आवाज ऐकू आला, "आगं सोड ते! ते माशाचं खाणं हाय, तुझं न्हवं!" बांधावरचा आवाज. मी पहिल्या मजल्यावर थांबले, थोडं ऐकलं आणि पुन्हा खाली उतरून भाजी आणायला गेले.

मासे आता दुपारी कुंडीमागून बाहेर येतात. पाचांचे पट्टे परत काळे झालेत. सहावा अजून फिकाच आहे, तो तसाच राहील असं भरतेश म्हणतो. आत्यांना अजून पायऱ्या चढताना धाप लागते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, बांगड्या मनगटाकडं यायला वेळ लागेल.

तुमच्या घरीही लेकराजवळ कुणी थांबत असेल. आई, सासूबाई, मावशी, एखादी बाई. आज घरी गेलात की त्यांच्याजवळ जरा खाली बसा. 'जेवलात का?' असं विचारू नका, त्या हो म्हणतील. 'कुठं बसून जेवलात?' ते विचारा.